कोरियन वॉर सिरियलमधल्या बंदुका आणि आमचे नाना

कोरियन युद्धावरच्या सिरियलमध्ये चिनी सैनिकाच्या हातात अमेरिकन टॉमी गन (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) दाखवली म्हणजे सिरियलवाल्यांनी माती खाल्ली, असं आमच्या भाच्याचं ठाम मत. भाचा अकरावीला, एनडीएची तयारी चालू आहे असं घरी सांगतो, आणि बीजीएमआय खेळून खेळून बंदुकांची नावं त्याला इतकी पाठ झालीत की विचारू नका. टॉमी गन अमेरिकेची, चीन अमेरिकेविरुद्ध लढतोय, मग चिन्याकडे ती आली कुठनं? मावशी हे चुकीचंय, बंद कर, दुसरं काहीतरी लाव.

तर बाळा, हे चुकीचं नाहीये. उलट अख्ख्या सिरियलमध्ये एवढं बरोबर दुसरं फार काही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख चँग कै शेक याच्या फौजेला ढिगाने हत्यारं दिली होती, शिवाय चीनमध्येच तायुआनच्या कारखान्यात टॉमी गनच्या नकला बनत होत्या. पुढे यादवी युद्धात चँग कै शेक हरला, १९४९ ला माओचं कम्युनिस्ट सरकार आलं आणि हा सगळा माल कम्युनिस्टांच्या ताब्यात गेला. मग ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौज सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात शिरली तेव्हा जे हाताला लागलं ते घेऊन शिरली. जपानी रायफली, जर्मन माउझरच्या चिनी नकला, अमेरिकन टॉमी गन, सगळी खिचडी. रशियाचा माल भरपूर प्रमाणात यायला १९५१ उजाडलं. म्हणजे १९५० च्या हिवाळ्यात सगळे चिनी एकसारखी रशियन बंदूक घेऊन पळताना दाखवले असते तर ते चूक ठरलं असतं, आणि ते बघून कुणी हूं की चूं केलं नसतं.

सिरियलचं नाव मुद्दाम घेत नाही, हिरोचे फॅन लोक अंगावर येतात आणि मला रोज ऑफिसला जायचं असतं. कोरियन युद्धावरची आहे (उत्तर कोरिया विरुद्ध दक्षिण कोरिया, उत्तरेला चीन-रशियाची साथ, दक्षिणेला अमेरिकेची), जून १९५० पासून सुरू होते, दोन भाऊ एक नर्स असा मामला, त्यात काय होतं ते न सांगता पण कळेल. मी बघत होते नर्ससाठी. भाचा बघत होता बंदुकांसाठी. आणि तिसरे प्रेक्षक म्हणजे आमचे नाना, माझे चुलते, आर्मीत आर्मरर होते, म्हणजे युनिटची हत्यारं दुरुस्त करणे तपासणे हेच आयुष्यभर केलं. साताऱ्यात फौजी माणूस शोधायला लागत नाही, अपशिंग्यासारखं गाव आहे जिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली आणि ज्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, बाकी गावांतही घराआड एक रिटायर्ड हवालदार नाहीतर सुभेदार सापडतोच. पण आर्मरर माणसाबरोबर युद्धाची सिरियल बघणं हा वेगळाच वैताग आहे. हिरोईन मरायला टेकलीय, मी डोळे पुसतेय, आणि बाजूनं आवाज येतो, "सेफ्टी लावलेली हाय त्याची, गोळी सुटली कशी?"

पण त्याच नानांमुळे मला कळलं की बंदूक बरोबर असणं आणि बंदूक बरोबर वापरलेली असणं ह्या दोन गोष्टी आहेत. मॉडेल बरोबर आणणं सोपं काम आहे, पुस्तक उघडायचं, फोटो बघायचा, भाड्यानं आणायची. गंमत आणि गोची पुढे आहे.

कुठल्या तरी भागात चिनी लोक टेकडीवरून खाली गोळीबार करतात, त्यात एकाकडे लाईट मशीनगन आहे, मॅगझिन वरून खोचलेलं. नाना चहाचा कप खाली ठेवून ताडकन पुढं सरकले. "अगं ए, थांबव, ही तर आपली एलएमजी!" थांबवलं. मग म्हणाले जरा मोठं कर, मग स्वतःच टीव्हीजवळ जाऊन चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "न्हाय, आपली न्हाय. नळीवर खाचा हायत. आपली गुळगुळीत असती." भाच्याने फोनवर शोधलं तर नाना शंभर टक्के बरोबर. ती झेडबी-२६, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात जन्मलेली, चीनने ती विकतही घेतली आणि स्वतःच्या कारखान्यात भरपूर बनवलीसुद्धा. त्याच घराण्यातून इंग्रजांनी ब्रेन गन काढली, ब्रनोचं ब्र आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डचं एन, आणि ती ब्रेन आपल्या आर्मीनं दुसऱ्या महायुद्धापासून वापरली, पुढे गोळीचं माप .३०३ चं ७.६२ करून घेतलं आणि नानांनी नोकरीभर तिच्याच नळ्या पुसल्या. झेडबीच्या नळीला गरमी बाहेर टाकायला गोल गोल खाचा असतात, ब्रेनची नळी साधी. टीव्हीवर दोन सेकंद दिसलेल्या नळीवरून माणूस हे ओळखतो! मी तर नवऱ्याचा नवीन शर्ट ओळखत नाही.

आणि त्याच सीनमध्ये पुढे घोळ. मशीनगनवाला मरतो, दुसरा येतो, गन उचलतो आणि पळतो, आणि उचलताना डाव्या हाताने सरळ नळीलाच धरतो. उघड्या हाताने. आत्ताच त्या नळीतून चार-पाच मॅगझिन गेलीत हे आपण बघितलंय. नाना म्हणाले, "हाताची कातडी नळीला चिकटून ऱ्हाईल की रं." त्या गनला वर लाकडी मुठीचं हँडल असतंच, उचलायलाही तेच आणि नळी तापली की बदलायलाही तेच. ते हँडल स्क्रीनवर दिसतंय पण त्या ॲक्टरला कुणी सांगितलंच नाही ते कशाला आहे. याला म्हणतात मॉडेल बरोबर, वापर चूक. प्रॉप कितीही खरा आणा, ॲक्टरचा हात खोटं बोलला की संपलं.

आता मेन बंदूक, एम१ गॅरंड. दक्षिण कोरियाच्या फौजेची आणि अमेरिकनांची मुख्य रायफल, सिरियलमध्ये सगळीकडे हीच दिसते आणि दिसायलाच पाहिजे. अमेरिकन आर्मीने ती १९३६ ला घेतली, सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी, परत दाबला की दुसरी, मधे बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, हाताने ओढायला लागत नाही. आठ गोळ्या एका पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवलेल्या, ती आख्खी क्लिप वरून आत दाबायची, आणि आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते आणि बोल्ट मागेच उघडा राहतो. हा टिंग लोकांना इतका आवडतो की साउंडवाले तो प्रेमाने टाकतात. ह्या सिरियलमध्ये पहिल्या काही भागांत मस्त टाकलाय, पुढे पुढे कंटाळा आला असावा, एका सीनमध्ये भाच्याने मोजलं तर हिरोने टिंगशिवाय अकरा गोळ्या मारल्या.

टिंगवरून एक फेमस गोष्ट सांगतात की तो आवाज ऐकून शत्रूला कळायचं आता ह्याची बंदूक रिकामी झाली, आणि मग तो उठून धावून यायचा. सिरियलमध्ये पण असा एक सीन आहे, खलनायक कान टवकारतो, टिंग, उठतो, धावतो. बघायला भारी. पण नुसता विचार करा, आजूबाजूला मॉर्टर, मशीनगन, ओरडाआरडा, स्वतःच्याच बंदुकीने कान बधिर झालेले, त्यात साठ-सत्तर मीटरवरून पत्र्याचा टिंग कुणाला ऐकू येणार, आणि ऐकू आला तरी त्या माणसाच्या शेजारी अजून पाच जण भरलेल्या बंदुका घेऊन बसलेत की. नानांना हे विचारलं तर त्यांनी एवढंच सांगितलं की फायरिंगनंतर रेंजवर शेजारचा शिव्या देत असला तरी कळत नाही.

क्लिप आत दाबताना मात्र सिरियलनं एक गोष्ट फार बारकाईनं दाखवलीय. क्लिप अंगठ्याने खाली दाबली की बोल्ट जोरात पुढे झेपावतो आणि अंगठा वेळेत काढला नाही तर चेचला जातो. अमेरिकन सैनिकांत ह्या जखमेला नावच पडलं होतं. म्हणून शहाणा माणूस तळहाताच्या कडेने बोल्टचा दांडा मागे अडवून धरतो आणि मग अंगठ्याने दाबतो. धाकट्या भावाचं काम करणारा ॲक्टर हे इतकं सहज करतो की मी तीनदा मागे घेऊन बघितलं. त्याला कुणीतरी बसवून शिकवलंय, नाहीतर पोरानं स्वतः दोन-चार वेळा अंगठा चेचून घेतलाय.

कोरियन सिरियल ह्या बाबतीत आपल्याकडच्या पिक्चरपेक्षा चांगल्या का असतात त्याचं एक साधं कारण आहे. तिथं धडधाकट पुरुषाला सक्तीची लष्करी नोकरी असते, आता आर्मीत साधारण दीड वर्ष, आधी अजून जास्त होती. म्हणजे हिरो, व्हिलन, मागे पडून मरणारे एक्स्ट्रा, कॅमेरामन, सगळ्यांनी कधीतरी खरी रायफल उचललीय, चिखलात लोळलेत. त्यामुळे बंदूक खांद्याला नीट लागते, गाल बटावर बसतो, पळताना नळी दुसऱ्याच्या पाठीत जात नाही. पण ह्याचाच उलटा लोच्या होतो. त्यांचं ट्रेनिंग आजच्या के-टू रायफलवरचं, तेच हात १९५० च्या गॅरंडवर चालतात. सगळे जण बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर एकदम सरळ ठेवतात, जशी आजची शिकवण आहे. जुने फोटो बघा, त्या पोरांची बोटं कुठंही असतात. आणि गॅरंडची सेफ्टी ट्रिगर गार्डच्या पुढच्या भागातच असते, ती पुढे ढकलायला बोट तिथंच न्यावं लागतं. चार दिवसांत शिकवून आघाडीवर ढकललेली शाळकरी पोरं कमांडोसारखी वाकून, एकमेकांना कव्हर देत घरात शिरताना दाखवलीत, ते मला पटलं नाही. पोहांगला ऑगस्ट १९५० मध्ये ७१ विद्यार्थी सैनिकांनी शाळेची इमारत लढवली होती, खरी घटना आहे. त्या पोरांच्या हातात जवळजवळ सव्वाचार किलोची, एक मीटर दहा सेंटिमीटर लांब अमेरिकन मापाची रायफल. ती अवघडच दिसायला हवी, वजनानं हात खाली यायला हवा. इथं सगळे सफाईदार.

आता उत्तर कोरियाकडं येऊ. त्यांची फेमस बंदूक म्हणजे गोल डब्याची पीपीएसएच-४१, रशियन पापाशा. डब्यात ७१ गोळ्या आणि वेग मिनिटाला ९०० च्या पुढे. आता भागाकार करा, सलग दाबून धरली तर पाच सेकंदाच्या आत डबा खलास. सिरियलमधला कर्नल अख्खी गल्ली झाडतो, जिना चढतो, डायलॉग मारतो, परत झाडतो, डबा काही बदलत नाही. द्रौपदीची थाळीच ती. वापरणारे लोक थोड्या थोड्या हिसक्यांत मारायचे, आणि डबा भरणं म्हणजे कटकटीचं काम, म्हणून ३५ गोळ्यांचं साधं वाकडं मॅगझिनही होतं. ते सिरियलमध्ये कुणाकडंच नाही, कारण गोल डबा पोस्टरवर छान दिसतो.

एके-४७ वर मात्र मी नानांच्या आधी ओरडले. मागच्या रांगेत, धुरात, दोन-तीन एक्स्ट्रांकडे स्पष्ट एके आहेत, वाकडं मॅगझिन, पिस्तुलासारखी मूठ, सगळं. सोव्हिएत आर्मीने ती १९४९ ला घेतली हे खरं, म्हणून लोकांना वाटतं १९५१ ला कोरियात असणारच. पण रशियाने ती तेव्हा जगापासून लपवून ठेवली होती, मित्रदेशांनासुद्धा नव्हती दिली, आणि चीनने स्वतःची बनवली तीच १९५६ ची. कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं. तेव्हा ती एके कुठल्यातरी दुसऱ्या शूटिंगमधून उरलेली आणून गर्दीत घुसडलीय. दक्षिण कोरियाला गॅरंड आणि कार्बाइनचा (म्हणजे आखूड, हलक्या रायफलीचा) तोटा नव्हता, युद्धानंतर कित्येक दशकं तिथल्या राखीव फौजेकडं ढीग पडून होता, २००९ च्या सुमारास सुमारे ८७ हजार गॅरंड परत अमेरिकेत विकायचं चाललं होतं आणि अमेरिकन सरकारने आधी अडवलं. त्यामुळे दक्षिणेच्या बाजूच्या बंदुका खऱ्या आणि शत्रूच्या बाजूला जमवाजमव, असं बऱ्याच कोरियन वॉरपटांत दिसतं.

बझूकाचं, म्हणजे खांद्यावरून रॉकेट मारायच्या नळीचं, एका वाक्यात सांगते, नाहीतर रात्र होईल. जूनअखेरीस हिरो बझूकाच्या एका गोळ्यात उत्तरेकडचा रशियन टी-३४ रणगाडा उडवतो, ते साफ खोटं, कारण तेव्हाची २.३६ इंची बझूका त्याच्या चिलखतावर चालत नव्हती, ५ जुलैला ओसानजवळ अमेरिकनांनी अगदी जवळून मागून मारूनही रणगाडे पुढे निघून गेले, ३.५ इंची मोठी बझूका आली आणि २० जुलैला तेजॉनमध्ये तिने रणगाडे फोडले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

थंडीचा भाग मात्र सुरेख केलाय, त्याबद्दल टाळ्या. नोव्हेंबर-डिसेंबर १९५० ची जांगजिन जलाशयाची लढाई, इंग्रजीत चोसिन म्हणतात, उणे तीस डिग्री आणि त्याखाली. बंदुकीतलं तेल घट्ट होऊन बोल्ट सरकत नाही. सगळ्यात जास्त बोंब एम२ कार्बाइनची झाली, हलकी, पोरांना आवडणारी, पण त्या गारठ्यात अडकायची. सिरियलमध्ये मोठा भाऊ प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढतो, हात थरथरतोय, शेवटी कार्बाइन टाकून मेलेल्या माणसाची गॅरंड उचलतो. एक शब्द डायलॉग नाही. नानांनी लडाखात काही हिवाळे काढलेत, ते एकदम सरसावून बसले. त्यांनी सांगितलं की तिथं बंदूक उबदार खोलीत आणायची नाही, बाहेरच ठेवायची, कारण आत आणली की तिला घाम सुटतो आणि परत बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो. आणि नेहमीचं तेल पुसून कोरडी ठकठकीत करायची. "पोरं आईच्या मायेनं तेल लावायची आणि सकाळी माझ्याकडं रडत यायची."

चिनी लोकांच्या जाड रुईच्या कोटातून कार्बाइनची गोळी आत जात नाही अशी तक्रार तेव्हा अमेरिकन सैनिक करायचे. सिरियलमध्ये पण तो डायलॉग आहे. गोळी अशक्त होती हे मान्य, पण कापडाने अडावी एवढी पण नाही. अंधारात, थंडीत, घाबरलेला माणूस ऑटोमॅटिकवर टाकून फवारतो तेव्हा बहुतेक गोळ्या लागतच नाहीत, आणि दोष कोटाला. डायलॉग ठेवला ते योग्यच, सैनिक तसंच बोलायचे. फक्त शेजारच्या जुन्या सार्जंटने एकदा नुसतं बघायला पाहिजे होतं त्याच्याकडं.

मधे एकदा नाना अचानक म्हणाले, आपले थोरात साहेब गेलते तिथं. भाच्याला वाटलं काहीतरी फेकतायत. पण खरंच, मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे, १९५३ मध्ये भारताच्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख म्हणून कोरियात होते. युद्धकैद्यांपैकी जे मायदेशी परत जायला तयार नव्हते असे २२ हजारांच्या वर कैदी आपल्या फौजेनं सांभाळायचे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आमच्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हटलं, तर इंचॉनला बोटीवरून हेलिकॉप्टरनं थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. त्याआधी १९५० च्या शेवटापासून आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स तिथं होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची, मार्च १९५१ मध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर मुनसानला त्यांनी उड्या मारल्या आणि खाली ऑपरेशनं केली. सिरियलमध्ये एवढी मोठी नर्स आहे, हॉस्पिटल आहे, त्यात एखादा भारतीय डॉक्टर मागून चालत गेला असता तरी मी खूश झाले असते. तुर्की सैनिक दाखवलेत, आपले नाहीत.

नानांचा सगळ्यात मोठा राग मात्र वेगळ्याच सीनवर. रात्र, खंदक, पाऊस थांबलाय, हिरो शर्टातून नर्सचं पत्र काढून वाचतो. पंधरा मिनिटं. म्युझिक चालू. आणि त्याची गॅरंड बाजूला, नळी खाली करून चिखलात रोवलेली. नानांनी टीव्हीलाच हाका मारायला सुरुवात केली. गॅरंडच्या तेव्हाच्या .३०-०६ मापाच्या काडतुसांत बहुतेक प्रायमर, म्हणजे बुडातला पेट घेणारा मसाला, गंज धरवणारा होता, फायर करून नळी तशीच ठेवली की पावसाळी हवेत सकाळपर्यंत आत तांबूस पडायला लागणार. त्यामुळे लढाई थांबली की पहिलं काम चिंदी आणि पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी. गॅरंडच्या बटाच्या मागच्या झाकणात साफसफाईचं सामान ठेवायची जागाच केलेली आहे, आपल्या थ्री नॉट थ्रीच्या बटातपण तेलाची बाटली असायची तशी. अख्ख्या सिरियलमध्ये ते झाकण एकदाही उघडत नाही. सोळा भागांत एकही माणूस बंदूक पुसत नाही आणि तरी सगळ्यांच्या बंदुका लखलखीत. पत्र वाचू दे की, मी म्हणाले, पुसता पुसता वाचू दे. नाना म्हणाले, "मग दोन्ही नीट व्हत न्हाय."

बघायची असेल तर हिंदी डबिंग लावू नका, त्यात मागचा गोळीबार इतका दाबून टाकलाय की गॅरंड आणि कार्बाइन सारख्याच वाजतात, मूळ कोरियन ऑडिओ आणि सबटायटल ठेवा. जांगजिनचा भाग हेडफोन लावून बघा. नर्सच्या आईचा जो भाग आहे त्यात एकही गोळी सुटत नाही, तो नानांनी पळवायला लावला, मी दुसऱ्या दिवशी एकटीनं बघितला, चांगला आहे.